हेलन केलर यांचे आत्मचरित्र : शिक्षणाच्या दृष्टीने एक पुनर्वाचन

१

हेलन केलर यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एकोणीस महिन्यांच्या वयात आजारपणामुळे दृष्टी व श्रवण ही दोन्ही गमावलेल्या लेखिकेने ते महाविद्यालयात शिकत असतानाच लिहिले. बधिरांध मुलांच्या शिक्षणाविषयी सामान्य वाचकाच्या मनात जी काही कल्पना असते, ती बव्हंशी या एका पुस्तकाने घडविली आहे. मराठी वाचकही याला अपवाद नाही. परंतु वाचकाच्या स्मरणात या पुस्तकातील बहुधा एकच प्रसंग असतो. विहिरीवरच्या पंपाची धार मुलीच्या हातावर पडते, शिक्षिका दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘वॉटर’ हा शब्द लिहिते, आणि क्षणार्धात मुलीला भाषेचे रहस्य उलगडते. या प्रसंगाला लोक चमत्कार म्हणतात, आणि पुस्तकाची कीर्तीही मुख्यतः याच चमत्कारावर उभी आहे.

या कीर्तीमुळे ग्रंथाचे जे स्वरूप दृष्टीआड झाले, त्याकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मूळ ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात केलरबाईंनी स्वतः सांगितलेली जीवनकथा आहे, दुसऱ्यात त्यांची पत्रे आहेत. तिसरा भाग संपादक जॉन मेसी यांनी सिद्ध केला असून त्यात शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांनी अध्यापनाच्या प्रत्यक्ष काळात लिहिलेली पत्रे व अहवाल यांतील उतारे दिले आहेत. पुढील अनेक आवृत्त्यांत केवळ पहिला भागच छापला गेला. २००३ साली, ग्रंथाला शंभर वर्षे झाली तेव्हा, रॉजर शॅटक यांनी डोरोथी हरमन यांच्या साहाय्याने संपादिलेली संपूर्ण आवृत्ती निघाली, आणि शिक्षिकेची पत्रे पुन्हा वाचकांपुढे आली. आमच्या मते हा तिसरा भाग ग्रंथाचे परिशिष्ट नसून त्याचा कणा आहे. तो वगळून ग्रंथ वाचला असता एका शिक्षणप्रयोगाची नोंद नाहीशी होते आणि तिच्या जागी एक अद्भुतकथा उरते.

२

प्रथम पंपाचा प्रसंगच तपासून पाहू. तो ५ एप्रिल १८८७ रोजी घडला. सलिव्हनबाई टस्कम्बिया येथे ३ मार्चला आल्या होत्या, म्हणजे मध्ये महिनाभरच गेला होता. या प्रसंगाची दोन वर्णने ग्रंथात आहेत. एक केलरबाईंनी सुमारे पंधरा वर्षांनी स्मरणातून लिहिले आहे, दुसरे सलिव्हनबाईंनी घटनेच्या लगोलग पत्रातून लिहिले आहे. ही दोन वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत.

केलरबाईंच्या वर्णनात सकाळी ‘मग’ आणि ‘वॉटर’ या दोन शब्दांवरून ओढाताण झाली, चिडून त्यांनी नवी बाहुली आपटून फोडली, त्याचे त्यांना काहीच वाटले नाही. पुढे विहिरीवर कोणी तरी पाणी उपसत होते, शिक्षिकेने त्यांचा हात धारेखाली धरला, आणि जणू विसरलेले काही परत येत असल्याची जाणीव झाली. घरी परतल्यावर बाहुलीचे तुकडे हाती लागले व आयुष्यात प्रथमच पश्चात्ताप झाला. सलिव्हनबाईंच्या पत्रात गोंधळ आहे तो ‘मग’ आणि ‘मिल्क’ या शब्दांचा. पंप त्यांनी स्वतः हलविला आणि मुलीच्या हातात मग धरविला होता. बाहुलीचा आणि पश्चात्तापाचा तेथे उल्लेख नाही.

हे फरक स्मरणदोषाचे म्हणून सोडून देता येतील. पण त्यांच्यामागे एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. सलिव्हनबाई लिहितात की, ‘मग’ किंवा ‘मिल्क’ यांपैकी कोणताही शब्द बोटांनी लिहिताना मुलगी पिण्याचा अभिनय करीत असे. म्हणजे वस्तू, तीतील पदार्थ आणि क्रिया ही तिच्या लेखी एकच अनुभव होती. तिची अडचण ‘शब्द म्हणजे काय’ ही नव्हती, तर एका अखंड अनुभवातील कोणत्या अंशाला कोणते नाव, ही होती. शिवाय त्याच दिवशी सकाळी तोंड धुताना पाण्याला काय म्हणतात हे तिने आपण होऊन, शिक्षिकेच्या हातावर थोपटून, विचारले होते. पंपाकडे जाण्याची कल्पना शिक्षिकेला या प्रश्नावरून सुचली. नावे विचारण्याची सवय पंपापूर्वीचीच होती, हे यावरून उघड होते.

आधीच्या पत्रातील नोंद याहूनही बोलकी आहे. ३१ मार्च रोजी मुलीला अठरा नामे व तीन क्रियापदे येत होती, आणि शिक्षिकेने त्यांची यादीच दिली आहे. डोळा, बोट, पायाचे बोट व डोके या चार शब्दांपुढे ते मुलीने स्वतः विचारल्याची खूण आहे. आणि त्या यादीत ‘वॉटर’ हा शब्दही आहे! पाच दिवसांनी पंपाखाली जो शब्द प्रथमच कळल्याचे आपण मानतो, तो या यादीप्रमाणे आधीच शिकविला गेला होता. दोन पत्रांतील ही विसंगती मेसी यांनी मिटविलेली नाही, हे त्यांच्या संपादनाचे प्रामाणिकपण म्हटले पाहिजे.

यावरून ५ एप्रिलला काहीच घडले नाही असे म्हणावयाचे नाही. वस्तुमात्राला नाव असते हे मुलीला त्या दिवशी कळले, असे सलिव्हनबाई स्पष्ट सांगतात, आणि काही तासांत तिने तीस नवे शब्द आत्मसात केल्याचेही नमूद करतात. परंतु या घटनेला त्या शिक्षणातील दुसरे मोठे पाऊल म्हणतात. ‘चमत्कार’ हा शब्द त्यांनी त्यापूर्वीच, २० मार्चच्या पत्रात, वापरला होता, आणि तो भाषेविषयी नसून मुलगी प्रथमच आज्ञेत राहू लागली याविषयी होता. तेव्हा वाचक ज्याला चमत्कार समजतो त्याला शिक्षिका पायरी समजत होती. पायरी म्हटली की तिच्या आधी आणि नंतर काय होते हे पाहणे ओघाने आलेच.

३

नंतरची पायरी १० एप्रिलच्या पत्रात सापडते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मोलाचे पान कोणते, असे विचारल्यास आम्ही याच पत्राकडे बोट दाखवू. पंपाच्या यशानंतर पाचच दिवसांनी सलिव्हनबाईंनी ठरावीक वेळचे पाठ बंद करण्याचे ठरविले. कारण असे की हेलनच्या सुमारे पंधरा महिन्यांच्या चुलत भावंडाचे त्या निरीक्षण करीत होत्या. त्या बाळाला बोलता येत नव्हते, पण सांगितलेले पुष्कळसे कळत होते. कोणी त्याला एकेक शब्द घोकवून शिकविले नव्हते. मोठ्यांच्या संपूर्ण वाक्यांतून, कृतींच्या ओघात, ते भाषा उचलीत होते. मग बाळाच्या कानात जसे बोलतात तसेच हेलनच्या तळहातावर बोलावे, पूर्ण वाक्यांत बोलावे, आणि तिने लगेच उत्तर द्यावे अशी अपेक्षा धरू नये, असा निर्णय त्यांनी घेतला.

या निर्णयाचे महत्त्व कळण्यास आधीच्या पद्धतीची आठवण हवी. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत सॅम्युएल ग्रिडली हॉवे यांनी १८३७ पासून लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला शिकविले. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, मग चिठ्ठ्या सुट्या करून वस्तूंशी जुळवायच्या, मग सुटी अक्षरे मांडायची, आणि अखेरीस करपल्लवी शिकवायची, असा त्यांचा क्रम होता. हा क्रम तर्कशुद्ध होता आणि त्याला यशही आले. चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ साली आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत दिली, आणि तीच वाचून हेलनच्या आईला आशा वाटू लागली. परंतु हॉवे यांची वाट शब्दाकडून वाक्याकडे जाणारी होती, तर सलिव्हनबाईंनी ती उलटी केली.

भाषा मुळात शब्दांची की वाक्याची, हा वाद आपल्या परंपरेत फार जुना आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थाचा खरा एकक अखंड वाक्य हाच मानला. प्रभाकराच्या मीमांसेत बालकाच्या भाषाग्रहणाचे जे उदाहरण येते, ते तर येथे तंतोतंत लागू पडते. एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणण्यास सांगतो, दुसरा ती आणतो, आणि हा व्यवहार पाहणाऱ्या बालकाला आधी समग्र वाक्यार्थ व मग क्रमाने सुट्या पदांचे अर्थ कळतात. यालाच वृद्धव्यवहार म्हणतात. टस्कम्बियाच्या अंगणात एकवीस वर्षांचीही न झालेली शिक्षिका एका बाळाकडे पाहून याच निष्कर्षाला आली. फरक एवढाच की, तिच्या विद्यार्थिनीला तो व्यवहार पाहता वा ऐकता येत नव्हता, आणि म्हणून तो सबंध व्यवहार तिला तळहातावर आणून द्यावा लागला. दिवसभर, प्रत्येक प्रसंगी, खेळताना, जेवताना, फिरताना तो द्यावा लागला. या शिक्षणातील अलौकिक असे काही असेल तर ते हे सातत्य होय.

४

या ग्रंथावरील सर्वांत गंभीर आक्षेप भाषेविषयीच आहे. केलरबाईंच्या गद्यात रंग, प्रकाश, पक्ष्यांचे कूजन यांची रेलचेल आहे. जे कधी पाहिले वा ऐकले नाही त्याचे वर्णन कशाच्या आधारे, असा प्रश्न उपस्थित झाला. फ्रेंच विद्वान पिएर व्हिले यांनी अंधांच्या जगाविषयीच्या १९१४ सालच्या ग्रंथात केलरबाई शब्दांनी फसल्या आहेत असे मत मांडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस कट्सफोर्थ यांनी १९३३ साली याच प्रवृत्तीला शाब्दिक अवास्तवता ठरविले, आणि दोष विद्यार्थिनीपेक्षा तिला डोळसांची भाषा देणाऱ्या शिक्षणावर ठेवला. हे दोघेही टीकाकार स्वतः अंध होते, म्हणून त्यांचा आक्षेप डोळसांच्या अज्ञानातून आला असे म्हणून तो टाळता येत नाही.

आक्षेपाला पुरावा ग्रंथातच आहे. १८९१ साली अकरा वर्षांच्या हेलनने ‘द फ्रॉस्ट किंग’ ही कथा लिहून पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ती मार्गारेट कॅन्बी यांच्या एका कथेशी विलक्षण जुळणारी निघाली. १८८८ च्या उन्हाळ्यात ती कथा हेलनला वाचून दाखविली गेली होती, आणि वाचल्याची स्मृती पुसली जाऊन शब्द मात्र मनात राहिले होते. संस्थेत चार अंध व चार डोळस अशा आठ जणांपुढे त्या मुलीची, शिक्षिकेला बाहेर ठेवून, चौकशी झाली. या घटनेवरील प्रकरण हे आमच्या मते केलरबाईंच्या लेखनातील सर्वांत प्रांजळ प्रकरण आहे. आपले स्वतःचे विचार कोणते आणि वाचलेले कोणते याची सीमा आपणास अजूनही नेहमी आखता येत नाही, असे त्या तेथे कबूल करतात. निसर्गवर्णनांतील त्यांची अलंकृत वाक्ये वाचताना मनात संशय येतो. या प्रकरणात तो येत नाही, कारण येथे लेखिका आपल्या भाषेच्याच उगमाकडे पाहत आहे.

तथापि कट्सफोर्थ यांचा निष्कर्ष आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. बार्बरा लँडाउ व लायला ग्लाइटमन यांनी जन्मांध बालकांच्या भाषेचा अभ्यास करून १९८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी अभ्यासिलेल्या एका बालिकेला ‘वर बघ’ असे सांगितले असता ती मान वर न करता हात वर करून चाचपडत असे. डोळे बांधलेली डोळस मुले मात्र तोंड वर करीत. एखाद्या वस्तूला ‘हात लाव, पण बघू नको’ म्हटले की ती बालिका नुसता स्पर्श करी, आणि ‘बघ’ म्हटले की हातांनी नीट धुंडाळून पाही. म्हणजे ‘पाहणे’ हा शब्द तिच्यापाशी रिकामा नव्हता. तिने त्यात स्वतःच्या इंद्रियाचा अर्थ भरला होता, आणि भाषेतील त्याचे स्थानही जपले होते. कित्येक शब्दांचा अर्थ आपण सर्वच जण वाक्यांतील त्यांच्या वापरावरून शिकतो. त्या सर्वांना उसने म्हणावयाचे तर कोणाचीच भाषा स्वतःची ठरणार नाही.

केलरबाईंनी स्वतः १९०८ च्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या पुस्तकात उत्तर दिले, आणि ते युक्तिवादापेक्षा लेखनानेच अधिक दिले. त्यात त्या हाताविषयी, कंपनांविषयी, गंधांविषयी लिहितात, आणि तेथे त्यांचे गद्य घट्ट व स्वाधीन झालेले दिसते. तेव्हा व्हिले व कट्सफोर्थ यांची टीका लेखिकेच्या तारुण्यातील शैलीला लागू पडते, पण तिच्या भाषाधिकाराला लागू पडत नाही, असा भेद करणे आम्हांस योग्य वाटते.

५

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा शिक्षिकेच्या विचारातली. आज्ञापालन हे ज्ञानाचे प्रवेशद्वार होय असे सलिव्हनबाई मानीत, आणि त्यासाठी जेवणाच्या टेबलाशी त्यांनी मुलीशी अक्षरशः झुंज घेतली. कुटुंबापासून वेगळे करून तिला बागेतील छोट्या घरात ठेवले. जिला काय चालले आहे हे सांगण्याचे कोणतेही साधन नाही, अशा मुलीवर बळ वापरणे आज समर्थनीय मानता येणार नाही. नेदरलँड्समधील यान फान डाइक यांनी १९६० नंतरच्या दशकांत बधिरांध मुलांसाठी जी पद्धत घडविली, तीत शिक्षक मुलाच्या हालचालीत सामील होऊन, तिला प्रतिसाद देत संवाद सुरू करतो. वर्चस्वापेक्षा विश्वासातून आरंभ करण्याची ही वाट आहे.

दुसरी मर्यादा उदाहरणाच्या सर्वसामान्यतेची. हेलनला एकोणीस महिने दृष्टी व श्रवण लाभले होते. आजारानंतरही पाण्यासाठीचा एक अस्फुट उच्चार तिच्यापाशी उरला होता. पंपाखाली ‘विसरलेले परत आले’ असे तिला वाटले ते यामुळेच. जन्मजात रुबेलामुळे किंवा अन्य कारणाने जन्मापासून बधिरांध असलेल्या बालकाला परत येण्यासारखे काही नसते. भाषेच्या बाबतीत आरंभीच्या काळाचे मोल किती आहे, हे क्रिस्टीन योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. श्रवणदोषाचे निदान सहा महिन्यांच्या आत झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांहून लक्षणीयरीत्या सरस होती. तसेच आज बधिरांध म्हणविल्या जाणाऱ्या बहुतेक मुलांना थोडी दृष्टी वा थोडे श्रवण शिल्लक असते. संपूर्ण अंधार व संपूर्ण शांतता हे चित्र त्यांना लागू पडत नाही, आणि त्यामुळे कित्येकदा त्यांची गरज ओळखलीच जात नाही.

तिसरी मर्यादा काळाची. ग्रंथ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना अर्पण केलेला आहे. बधिरांनी मुखानेच बोलावे या मताचे ते पुरस्कर्ते होते. केलर यांच्या जन्मवर्षीच, १८८० साली, मिलान येथील परिषदेने शाळांतून खुणांची भाषा काढून टाकण्याचा ठराव केला होता, आणि त्याबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० साल उजाडावे लागले. खुणांची भाषा ही बधिरांची स्वतंत्र व पूर्ण भाषा आहे, या विचाराला या ग्रंथात जागा नाही.

या मर्यादांपेक्षाही अधिक हानी ग्रंथाच्या रूपांतरांनी केली आहे. विल्यम गिब्सन यांचे १९५९ साली रंगभूमीवर आलेले नाटक पंपापाशी येऊन संपते. २००५ सालच्या ‘ब्लॅक’ या हिंदी चित्रपटातही पाण्याचाच प्रसंग मोठा कळस होतो. नाट्याची ती गरज असेल. परंतु १० एप्रिलचे पत्र रंगभूमीवर आणता येत नाही, आणि म्हणून लोकांच्या मनातही ते पोहोचत नाही.

६

हा विचार केवळ ग्रंथपरीक्षणापुरता नाही. केलरबाई १९५५ साली भारतात येऊन गेल्या. मुंबईत १९७७ साली बेरोज वाच्छा यांनी बधिर व बधिरांध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाची संस्था सुरू केली. २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट निर्देश आहे. कायदा व संस्था यांच्या पाठोपाठ प्रश्न उरतो तो शिक्षकाचा. चमत्काराच्या कथेने समाजात कौतुक उत्पन्न होते, देणग्याही मिळतात. पण तीच कथा शिक्षकाविषयी एक घातक समजूत रुजविते. ती अशी की असा शिक्षक जन्मावा लागतो, घडविता येत नाही.

सलिव्हनबाईंची पत्रे याच्या नेमके उलट सांगतात. त्या घडल्या कशा, याचा हिशेब मांडता येतो. लहानपणी डोळ्यांच्या विकाराने आलेली अधू दृष्टी आणि पर्किन्समधील सहा वर्षे यांमुळे न दिसण्याचे जग त्यांना आतून माहीत होते. त्याच संस्थेत राहणाऱ्या लॉरा ब्रिजमन यांच्याशी त्या करपल्लवीने बोलल्या होत्या. टस्कम्बियास निघण्यापूर्वी त्यांनी काही महिने हॉवे यांचे अहवाल वाचून काढले होते. कामाला लागल्यावर त्यांनी सामान्य बालकाचे निरीक्षण केले, आपल्या विद्यार्थिनीच्या शब्दांची मोजदाद ठेवली, आणि पर्किन्समधील सोफाया हॉपकिन्स यांना पत्रांतून वेळोवेळी आपले यश, चूक व शंका कळविल्या. पद्धत फसते आहे असे दिसताच त्यांनी ती बदलली. यांत अलौकिक असे काही नाही. पूर्वसूरींच्या नोंदींचा अभ्यास, प्रौढ बधिरांध व्यक्तींचा सहवास, सामान्य बालविकासाचे ज्ञान, रोजची लेखी नोंद, आणि ती वाचणारा कोणी जाणता माणूस, या पाच गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणक्रमात घालता येण्यासारख्या आहेत. त्यांपैकी पहिली चार साधनांनी साध्य होतील. पाचवीसाठी मात्र संस्थेला आपल्या शिक्षकाकडे लक्ष द्यावे लागेल, आणि तिची उपेक्षाच सर्वांत सहज होते.

म्हणून या ग्रंथाच्या अभ्यासकांना, विशेषतः शिक्षक-प्रशिक्षणात तो वापरणाऱ्यांना, आमची एकच सूचना आहे. पहिल्या भागाआधी तिसरा भाग वाचावा, आणि त्यातही पंपाच्या पत्रानंतरचे पत्र आधी वाचावे. सलिव्हनबाईंच्या या नोंदी मराठीत संपूर्ण व टीपांसहित उपलब्ध झाल्या, तर आपल्याकडील शिक्षकाला आपल्या कामाचा एक आरसा हाती मिळेल. केलर यांचे मोठेपण त्यामुळे उणावणार नाही. आपल्या शिक्षणातून आपल्या शिक्षिकेला वेगळे काढता येत नाही, असे त्या स्वतःच वारंवार सांगत आल्या होत्या.